धड्याचं नाव झाकून गणित सोडवून बघा

मी माध्यमिक शाळेतल्या मुलांना गणित शिकवते, आणि पेपर झाल्यावर मुलं जे काही सांगतात त्यात एक वाक्य हटकून असतं, "ताई, येत होतं हो मला, पण तिथे सुचलंच नाही." घरचे म्हणतात टेन्शन घेतलं असेल, कुणी म्हणतं सराव कमी पडला, आणि मग पुढच्या परीक्षेला तोच अभ्यास तसाच, फक्त दुप्पट वेळ. पण ते पोर खोटं बोलत नसतं हो. त्याला खरंच येत असतं, घरी त्या धड्यातली सगळी गणितं त्याने भराभर सोडवलेली असतात, वही भरलेली असते. मग पेपरात नेमकं होतं काय?

आपण घरी सराव कसा करतो ते आठवून बघा. धडा उघडला की वर ठळक अक्षरात लिहिलेलं असतं, वर्गसमीकरणे. खाली सूत्र, त्याखाली दोन-तीन सोडवलेली उदाहरणं आणि मग सरावसंच. म्हणजे सरावसंचातलं पहिलं गणित वाचायच्या आधीच तुम्हाला माहिती असतं की इथे काय वापरायचंय. हे गणित कशाने सुटेल हे ओळखणं हा सगळ्यात अवघड भाग, आणि तोच पुस्तकाने आधी करून दिलेला असतो, आपण उरलेलं आकडेमोडीचं काम करतो आणि आपल्याला वाटतं धडा झाला. पेपरात धड्याचं नाव नसतं. तिथे फक्त गणित असतं, आणि ओळखायचं काम पहिल्यांदाच, तेही घड्याळ लावून, तुमच्यावर येतं.

एक साधं उदाहरण घ्या. वर्तुळाची २४ सेमी लांबीची जीवा केंद्रापासून ५ सेमी अंतरावर आहे, त्रिज्या काढा. वर्तुळाच्या धड्यात हे आलं की मुलं लगेच करतात, कारण आदल्याच पानावर "केंद्रापासून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो" असं चौकटीत लिहिलेलं असतं. तेच गणित अचानक समोर टाका, आधी त्रिकोणमितीचं एक आणि नंतर श्रेढीचं एक, मधे हे. बरीच मुलं वर्तुळ दिसलं म्हणून परिघाचं सूत्र आठवायला लागतात! खरं तर इथे लंब टाकला, अर्धी जीवा १२, अंतर ५, काटकोन त्रिकोण दिसला की पायथागोरसने त्रिज्या १३. सूत्र सगळ्यांना पाठ असतं. त्रिज्या हीच त्या त्रिकोणाचा कर्ण आहे हे दिसावं लागतं, आणि ती नजर एकाच प्रकारची वीस गणितं सलग करून येत नाही.

यावर चांगला प्रयोगही झालाय. २००७ साली डग रोहरर आणि केली टेलर यांनी तो प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं, काहींना एका आकाराची सगळी गणितं सलग, मग दुसऱ्याची सलग अशी दिली, आणि बाकीच्यांना तीच गणितं उलटीपालटी करून मिश्र दिली. सराव चालू होता तेव्हा सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर, मिश्रवाल्यांची ६०. आठवड्याने चाचणी घेतली तर सलगवाले थेट २० टक्क्यांवर आले आणि मिश्रवाले ६३ वर. मला यातला पहिला आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो, ८९, कारण तोच आपल्याला फसवतो. घरी बसून सलग सोडवताना सगळं बरोबर येतं, आईबाबा खूश, मूल खूश, आणि मिश्र सराव करणारं मूल मात्र सारखं अडखळताना दिसतं म्हणून सगळ्यांना वाटतं की याचं काही खरं नाही. उलट आहे हो! ते अडखळणं म्हणजेच ओळखायचा सराव चाललाय.

आता याचा अर्थ नवीन धडा शिकतानाच सगळं मिसळायचं असा नाही. पद्धत नवीन असताना चार-पाच गणितं सलग केलीच पाहिजेत, हात बसायला हवा. पण हात बसला की तिथे थांबा, उरलेली गणितं मागे ठेवा आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत इतर धड्यांच्या गणितांबरोबर एकेक करून घ्या. सरावसंच एका बैठकीत संपवायची जी घाई असते ना, ती मला अजिबात पटत नाही.

माझ्याकडच्या मुलांना मी एक व्यायाम देते, तो कुणालाही करता येईल. वेगवेगळ्या धड्यांतली गणितं कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवायची, धड्याचं नाव न लिहिता, आणि चिठ्ठ्या मिसळून टाकायच्या. मग एकेक चिठ्ठी उचलायची आणि गणित सोडवायचं नाही! फक्त दोन गोष्टी लिहायच्या, पहिली पायरी काय आणि तीच का. बस. मग पुढची चिठ्ठी. अर्ध्या तासात भरपूर गणितं होतात कारण आकडेमोड नाहीच. आणि "का" लिहिताना खरी गंमत कळते. एखादी मुलगी लिहिते, "सूत्र वापरेन, कारण वर्गसमीकरण आहे." मग मी विचारते, अवयव का नाही पाडले? तेव्हा तिच्या लक्षात येतं की आपण निवड केलीच नव्हती, सवयीने लिहिलं. विवेचक (अक्ष² + बक्ष + क = ० मधला ब² − ४अक) काढून बघितला आणि तो पूर्ण वर्ग निघाला, तर सहगुणक साध्या पूर्ण संख्या असताना अवयव पडणारच. पूर्ण वर्ग नसेल तर अवयवांच्या मागे लागण्यात वेळ घालवायचा नाही, सरळ सूत्र. हे एकदा कळलं की पेपरात पाच-सात मिनिटं वाचतात, कारण न पडणारे अवयव शोधत बसणं हा वेळ जायचा फार मोठा रस्ता आहे.

सोडवलेली उदाहरणं वाचण्याबद्दलही बोलायलाच हवं. गाइडमधलं उदाहरण वाचलं, प्रत्येक ओळ समजली, मान डोलावली, पुढचं वाचलं. संध्याकाळपर्यंत तीस उदाहरणं "झाली". ही पद्धत इतकी पसरलेली आहे की तिला अभ्यास नाही म्हटलं तर पालकांनाही धक्का बसतो. पण दुसऱ्याने लिहिलेली ओळ समजणं आणि ती ओळ आपल्याला सुचणं यात खूप अंतर आहे. उदाहरण वाचायचंच असेल तर असं वाचा: फक्त प्रश्न बघा, खालचं उत्तर वहीने झाका, स्वतः एक पायरी लिहा, मग वही एक ओळ खाली सरकवा. जुळलं तर पुढे. नाही जुळलं तर तिथे थांबून विचार करा की त्यांनी हे का केलं असेल, आणि दुसऱ्या दिवशी तेच गणित पुस्तक बंद करून कोऱ्या कागदावर. दुसऱ्या दिवशी हे महत्त्वाचं आहे, त्याच दिवशी लगेच केलं तर ती नुसती नक्कल होते.

सूत्रांचं पण असंच. पाठ करू नका असं मी म्हणणार नाही, पाठ हवीतच, परीक्षेत तिथे बसून सगळं सिद्ध करत बसायला वेळ नसतो. पण प्रत्येक सूत्र एकदा तरी स्वतःच्या हाताने काढलेलं असलं पाहिजे, म्हणजे ते कुठे लागू पडतं तेही बरोबरच कळतं. वर्गसमीकरणाचं सूत्र मुलांना आकाशातून पडल्यासारखं वाटतं, उणे ब अधिक-उणे वर्गमूळात ब वर्ग उणे ४अक आणि खाली २अ. ते कुठून आलं हे दाखवायला मी आपल्याकडचे जुने गणिती श्रीधराचार्य यांची रीत वापरते, जी बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी श्रीधराचार्यांच्याच नावाने दिलेली आहे. रीत अशी की दोन्ही बाजूंना क्ष वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणायचं आणि मग मूळच्या क्षच्या सहगुणकाचा वर्ग मिळवायचा. करून बघू:

३क्ष² + ५क्ष − २ = ०

−२ पलीकडे नेला, ३क्ष² + ५क्ष = २. ३ ची चौपट १२, तिने गुणलं, ३६क्ष² + ६०क्ष = २४. आता ५ चा वर्ग २५ दोन्हीकडे मिळवला, ३६क्ष² + ६०क्ष + २५ = ४९. डावी बाजू बघा, (६क्ष + ५) चा पूर्ण वर्ग! म्हणजे ६क्ष + ५ एकतर ७ किंवा −७. एक उत्तर १/३, दुसरं −२. मधे कुठेही अपूर्णांक नाही, म्हणून मला ही रीत फार आवडते. शाळेत आधी सहगुणकाने भागून पूर्ण वर्ग करायला शिकवतात, तेही बरोबरच आहे, पण तिथे अपूर्णांकांच्या जंगलात मुलं हरवतात आणि मूळ कल्पना निसटते. आणि आकड्यांच्या जागी अ, ब, क ठेवून हेच केलं की चार ओळींत सूत्र समोर येतं. तो ४९ म्हणजेच विवेचक. तो ऋण आला तर वर्ग ऋण होईल, आणि वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो, म्हणून वास्तव उत्तर नाही. हा नियम वेगळा पाठ करायची गरजच उरत नाही.

त्रिकोणमितीचं कोष्टकही ज्यांना सारखं विसरायला होतं त्यांच्यासाठी, बाजू २ चा समभुज त्रिकोण काढा आणि मधोमध लंब टाका, १, वर्गमूळ ३ आणि २ अशा बाजूंचा त्रिकोण मिळतो, ३० आणि ६० अंशांच्या सगळ्या किमती त्यात आहेत. ४५ साठी बाजू १ चा चौरस आणि त्याचा कर्ण. दोन आकृत्या, अर्धं मिनिट.

शाब्दिक गणितं हा तर वेगळाच विषय आहे आणि त्यावर मी कितीही बोलू शकते. मुलं म्हणतात समीकरण मांडताच येत नाही. खरं म्हणजे बऱ्याचदा वाचतानाच घाई झालेली असते. दोन अंकी संख्या आहे, अंकांची बेरीज ९, अंकांची अदलाबदल केली तर नवी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी होते. इथे मुलं धडाधड क्ष लिहून मोकळी होतात, पण क्ष म्हणजे काय? संख्या का अंक? दशकाचा का एककाचा? पहिल्या ओळीत "दशकस्थानचा अंक क्ष मानू" असं पूर्ण वाक्य लिहिल्याशिवाय पुढे जायचंच नाही, हा माझ्याकडे नियम आहे आणि त्यावर मी हटून बसते. मग एककाचा अंक ९ − क्ष, मूळ संख्या १०क्ष + ९ − क्ष, नवी संख्या १०(९ − क्ष) + क्ष. आता २७ कुठे मिळवायचे? मोठी कोण ते वाक्यात बघा, नवी मोठी, म्हणजे तिच्या बरोबरीला आणायला मूळ संख्येत २७ मिळवायचे. सोडवलं की क्ष = ३, संख्या ३६. आणि मग ताळा घ्यायचा तो समीकरणात घ्यायचा नाही, मूळ वाक्यात घ्यायचा. ३ आणि ६ ची बेरीज ९, बरोबर, ६३ मधून ३६ गेले २७, बरोबर. समीकरणात घेतला तर काय होतं, की समीकरणच चुकीचं मांडलेलं असेल तर चुकीचं उत्तर त्यात छान बसतं आणि आपण निश्चिंत होतो.

ताळ्याची अजून एक सवय सांगते जी वर्षभर उपयोगी पडते. एखादा नियम बरोबर आहे का अशी शंका आली की छोटे आकडे घालून बघायचे. (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक ब वर्ग असं हात लिहून जातो ना, २ आणि ३ घाला, एकीकडे २५ आणि दुसरीकडे ४ आणि ९ मिळून १३. संपलं. ९ + १६ चं वर्गमूळ म्हणजे ३ + ४ का? २५ चं वर्गमूळ तर ५ आहे, ७ नाही. पाच सेकंदांचं काम आहे आणि पेपरात कुणी अडवत नाही. एक चूक मात्र आकडे घालूनही लक्षात येत नाही, ती म्हणजे क्ष² = ५क्ष मध्ये दोन्हीकडून क्षने भागून क्ष = ५ लिहून टाकणं. ५ बरोबर आहे, ताळाही जुळतो, पण शून्य हे उत्तर गेलं. क्षने भागायचं म्हणजे क्ष शून्य नाही असं आधीच गृहीत धरणं, म्हणून भागायचं नाही, सगळं एका बाजूला आणून क्ष सामाईक काढायचा.

भूमितीत सिद्धता पाठ करणाऱ्या मुलांना बघून मला खरंच वाईट वाटतं, इतकी मेहनत घेतात आणि आकृतीतली अक्षरं बदलली की सगळं कोसळतं. दिलेली आकृती स्वतः मोठी काढा, जे दिलंय त्याच्या खुणा करा आणि मग शेवटाकडून विचार करा: दोन रेषाखंड समान दाखवायचे आहेत, मग ते कुठल्या दोन त्रिकोणांत आहेत, ते त्रिकोण एकरूप दाखवायला काय लागेल, त्यातलं काय आधीच आहे. समरूप त्रिकोण एकात एक अडकलेले असतील तर दोन्ही बाजूला वेगवेगळे काढा, एकाच दिशेला तोंड करून. संगत बाजू चुकतात त्या इथेच, आकृती तिरकी किंवा उलटी असल्यामुळे. स्पर्शिका दिसली की स्पर्शबिंदूतून त्रिज्या काढायची, तिथे काटकोन मिळतो. व्यास दिसला की अर्धवर्तुळातला कोन शोधायचा. हे संकेत चिठ्ठ्यांच्या सरावात आपोआप पक्के होतात.

परीक्षेच्या दिवसाबद्दल थोडंच सांगते. आदल्या रात्री झोप घ्या, नवीन काही उघडू नका. पेपर हातात आला की आधी पूर्ण वाचा आणि वाचताना जिथे पहिली पायरी दिसली तिथे पेन्सिलने बारीक खूण करा, त्या गणितांपासून सुरुवात करा. अडलं तर जागा सोडून पुढे जा, मधे दुसरी दोन झाली की परत आल्यावर तेच गणित वेगळ्या बाजूने दिसतं बऱ्याचदा. कच्चं काम शेजारीच नीट करा, कारण तुमच्याच ३ चा ८ वाचून गेलेले मार्क मी खूप बघितलेत.

ज्यांना पेपरच्या आधी फार भीती वाटते, हात गार पडतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट. काळजीचे विचार डोक्यातली तीच जागा अडवतात जिथे आपण आकडे आणि पायऱ्या क्षणभर धरून ठेवतो, त्यामुळे येणारं गणितही हातातून सुटतं. जेरार्डो रामिरेझ आणि शॉन बाइलॉक यांचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, परीक्षेच्या अगदी आधी दहा मिनिटं आपल्याला काय भीती वाटतेय ते कागदावर लिहून काढलेल्या विद्यार्थ्यांना मार्क जास्त पडले, आणि फायदा जास्त घाबरणाऱ्यांनाच जास्त झाला. कागद कुणाला दाखवायचा नसतो. आणि पालकांनो, प्लीज, त्या दहा मिनिटांत "अमुक केलंस ना, तमुक विसरू नकोस" असलं काही विचारू नका.

पेपर तपासून परत मिळाला की प्रत्येक गेलेल्या मार्काशेजारी कारण लिहा. कशाने सुटेल ते ओळखलंच नाही, का ओळखलं पण पुढे करता आलं नाही, का सगळं येत होतं आणि आकडेमोड किंवा चिन्ह चुकलं. "सिली मिस्टेक" एवढंच लिहून चालणार नाही, कारण या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यासाठी चिठ्ठ्या, दुसऱ्यासाठी त्या धड्याचा सलग सराव, तिसऱ्यासाठी हळू लिहिणं आणि ताळा. ज्यांची पहिली रांग सगळ्यात लांब आहे (आणि बहुतेकांची असते असा माझा अनुभव आहे) त्यांना अजून सरावसंच देऊन काही उपयोग नाही.

सुरुवातीला तीन गणितं इथेच देऊन ठेवते, सोडवायची घाई नाही, आधी फक्त पहिली पायरी आणि ती का, एवढं लिहा. काटकोन त्रिकोणाची परिमिती ३० सेमी आणि कर्ण १३ सेमी आहे, क्षेत्रफळ काढा. १ ते २०० मधल्या ७ ने भाग जाणाऱ्या सगळ्या संख्यांची बेरीज काढा. वर्तुळाची त्रिज्या ७ सेमी आहे आणि केंद्रापासून २५ सेमी अंतरावरच्या बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका काढली, तर त्या बिंदूपासून स्पर्शबिंदूपर्यंतची लांबी किती? पहिल्यात दोन्ही बाजू वेगवेगळ्या न काढताही क्षेत्रफळ मिळतं, तेवढं मात्र सांगून ठेवते.